घंटीतला कापूस

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुंजाजीनं आपल्या शेळ्या-मेंढ्यांच्या गळ्यातल्या एकूण एक घंटीत कापूस कोंबला. बेचाळीस घंट्या. कापसाला तोटा नव्हता, वेचणीचे दिवस होते. पण काम मोठं किचकट. एकेक जनावर गुडघ्यात दाबून धरायचं, घंटी उलटी करायची, बोळा आत सारायचा, हलवून बघायची आणि वाजली की अजून एक बोळा. दुपारी कळप रानाकडं निघाला तेव्हा नुसता खुरांचा आवाज. माणसं हातातली कामं टाकून दारात आली. गावानं वराती पाहिल्या होत्या, मयती पाहिल्या होत्या, पण मुक्या शेळ्यांची मिरवणूक काही पाहिली नव्हती.

हे सगळं निकितासाठी. निकिता म्हणजे मुंजाजीची लेक, बारावी सायन्सला. मुंजाजी स्वतः चौथीतून जो मेंढरामागं गेला तो परत वर्गात आलाच नाही. पोरीला मात्र जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि डोकंही तसं होतं तिला. तिच्या शिकवणीच्या सरांनी मानवतला पालकांची मीटिंग घेतली आणि सांगितलं, "वर्षभर घरात शांतता ठेवा. टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे." बाकीचे पालक माना हलवून, चहा पिऊन आपापल्या घरी गेले. मुंजाजीची खोड अशी की त्याला शहाण्या माणसानं काही सांगितलं की तो ते करून सोडतो. अशा माणसाला काही सांगताना दहादा विचार करावा, पण सरांना बिचाऱ्यांना काय माहीत!

मग घरात शांतता सुरू झाली. मिक्सर माळ्यावर गेला. कोंबडा मेहुण्याकडं पूर्णेला रवाना झाला. कासाबाई, म्हणजे निकिताची आई, भाकरी थापायची ती दाबून, हलक्या हातानं, त्यामुळं भाकरी जाड व्हायला लागल्या. शेजारची बायनाबाई आणि तिची सून यांचं भांडण गावातलं सगळ्यात जुनं आणि नियमित, रोज दहाच्या सुमारास सुरू होणारं. मुंजाजीनं बायनाबाईच्या पायावर डोकं ठेवलं, "मावशे, फेब्रुवारीपस्तोर दम काढ." बायनाबाई मनानं चांगली. तिनं भांडण बंद नाही केलं, पण हातवाऱ्यांवर आणलं. दोघी अंगणात समोरासमोर उभ्या राहून बोटं मोडायच्या, कपाळ बडवायच्या, एकमेकींच्या माहेराकडं बोट दाखवायच्या, आणि तोंडातून चकार शब्द नाही. बघायला गर्दी व्हायची, पण गर्दीही चवड्यावर चालत यायची.

निकिता लहानपणापासून वाड्यात अभ्यास करायची. वाडा म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा, काट्याचं कुंपण घातलेला. तिथं ती पाढे शिकली, तिथंच कळपाच्या म्होरक्याला टेकून दहावीला सत्त्याऐंशी टक्के पाडले. म्होरक्या म्हणजे एक राखी रंगाचा खच्ची बोकड. त्याची आई बाळंतपणात मेली तेव्हा निकितानंच त्याला बाटलीनं दूध पाजून जगवला होता. त्याची दाढी गावच्या माजी सरपंचासारखी, चालही तशीच, म्हणून त्याचं नाव पडलं आबासाहेब. सगळ्यात मोठी घंटी आबासाहेबाच्या गळ्यात, मुंजाजीच्या बापाच्या काळातली, काशाची. ती वाजत पुढं चालली की कळप डोळे मिटून मागं. पण सायन्सची पोरगी बोकडाला टेकून अभ्यास करते हे मुंजाजीला बरं दिसेना. त्यानं तिला मागच्या सिमेंटच्या खोलीत बसवलं, खिडकीला गोणपाट लावलं आणि वाड्यात पाऊल टाकायला बंदी केली.

इतकी सोय केल्यावर पोरगी नुसती फुलायला पाहिजे होती. झालं भलतंच.

दिवाळीनंतर तिचे केस फणीत पुंजक्यानं यायला लागले. ती रडायची, आणि रडायला कारण लागायचं नाही. एकदा भाकरी फार गोल झाली म्हणून रडली. "किती गोल हाय गं माय," म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली. कासाबाईनं घाबरून दुसऱ्या दिवशी वाकडी थापली, तर तिच्याकडं बघून जास्त रडली. बायनाबाईच्या दिराच्या दहाव्याला कावळा काही केल्या पिंडाला शिवेना, सगळे हात जोडून उभे, आणि ही पोरगी खो खो हसत सुटली. हसता हसता तिचेच डोळे भीतीनं मोठे झाले, पण हसू थांबेना. कासाबाईनं तोंडाला पदर लावून तिला ओढत घरी आणली. रात्री झोप नाही, दिवसा भूक नाही, तळहात कायम ओले. वहीची पानं फुगून आली होती.

सराव परीक्षेत फिजिक्सच्या पेपरला तिनं नाव लिहिलं, बैठक क्रमांक लिहिला आणि थांबली. मग नाव पुन्हा गिरवलं. तीन तास ती नाव गिरवत होती. सर म्हणाले, अक्षर सुरेख आहे.

आणि इकडं वाड्यात काय होतं? शेळ्यांचं दूध आटलं. मेंढ्यांची लोकर नख लावलं की हातात यायची. रानात चरायची सोडून सगळी जनावरं एकमेकांना चिकटून, माना वर करून उभी राहायची. मुंजाजी म्हणायचा, औंदा चाऱ्यातच काहीतरी बिघडलंय. बापाला लेक एका डोळ्यानं दिसत होती, शेळ्या दुसऱ्या डोळ्यानं, पण दोन्ही डोळे एका ठिकाणी यायला वेळ लागला.

फेब्रुवारी उजाडला. बोर्डाचा पहिला पेपर इंग्रजीचा. निकितानं अर्धा लिहिला, अर्धा कोरा सोडला. घरी आली, दप्तर चुलीपुढं ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, मी फिजिक्सला बसत न्हाई. मला आत गेलं की काईच ऐकू येत न्हाई. माझं डोकं कोरं व्हायलंय." ती रडत नव्हती, आणि त्याचीच मुंजाजीला जास्त भीती वाटली. फिजिक्सला नऊ दिवस होते. फिजिक्स गेलं की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की ही पोरगी परत पुस्तकाला हात लावणार नाही, हे त्याला तिच्या तोंडाकडं बघूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी तिघं मानवतला डॉक्टर सुगतच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण, दोन वर्षांपूर्वीच गावाकडं परतलेला, पेशंटशी निवांत बोलणारा. त्यानं डोळे बघितले, नाडी बघितली, वजन केलं, सहा किलो घटलं होतं. कासाबाई पुढं सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "डॉक्टर, पोरीला चार महिने झाले, पाळी न्हाई." मुंजाजीनं लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड फिरवलं आणि एप्रिलमधले सण वाचायला घेतले.

डॉक्टरनं रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, थायरॉईडचीही लिहिली. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "काका, इकडं बघा. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. भीती वाटली की ती रस सोडते. कॉर्टिसॉल म्हणतात त्याला. समजा, माणसामागं लांडगा लागला. शरीर काय करतं? सगळा जोर पायाला देतं. बाकीची दुकानं बंद. भूक बंद, झोप बंद, केसांची वाढ बंद, पाळी बंद. जीव वाचवायचा म्हटल्यावर या गोष्टी कोण बघतो? लांडगा दहा मिनिटांत निघून जातो, दुकानं परत उघडतात. पण परीक्षेचा लांडगा दहा महिने दारात बसून असतो. तिच्या शरीराला पेपर आणि लांडगा यातला फरक कळत नाही."

मुंजाजी कॅलेंडर विसरला. लांडगा म्हटल्यावर तो जागा झाला, त्या विषयातलं त्याला डॉक्टरपेक्षा जास्त कळत होतं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "मपल्या शेळ्याबी आसंच करायल्यात. दूध चोरायल्यात, लोकर गळायलीय, गोळा होऊन हुब्या राहायल्यात. लांडग्याचा वास आल्यावर करत्यात तसं. पन औंदा लांडगा फिरकलाबी न्हाई."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

"दसऱ्याला काय बदललं?"

"काई न्हाई. घंट्यात कापूस घातला तेवढा."

मुंजाजीचे दोन्ही डोळे आता एका ठिकाणी आले होते. आबासाहेबाची घंटी थांबते कधी? आबासाहेब जागच्या जागी ताठ होऊन कान टवकारतो तेव्हा. आणि तो असा थांबतो कधी? लांडगा दिसल्यावर. घंटी वाजते तोवर सगळं ठीक, घंटी थांबली की मरण जवळ. शेळीच्या पोटातून पडलेल्या करडालाही हे दोन दिवसांत कळतं. आणि निकिता जन्मापासून तीच घंटी ऐकत झोपली होती.

"म्हंजी लांडगा म्याच आणला," मुंजाजी म्हणाला. "चार महिने पोरीच्या दारात बांधून ठिवला." आणि दवाखान्यात, कंपाउंडरच्या देखत, तो माणूस डोक्याचा पटका तोंडावर घेऊन रडला.

डॉक्टर गडबडला. तो म्हणाला तसं नाही काका, अनेक कारणं असतात, तपासण्या येऊ द्या, तिला पोटभर खाऊ घाला, अंडी द्या, चालू द्या, झोपू द्या, आणि जिथं तिला निवांत वाटतं तिथं बसू द्या. मुंजाजीनं शेवटचं वाक्य तेवढं गाठीला बांधलं.

घरी येताच तो वाड्यात बसला. कासाबाईनं अंबाड्यातला आकडा काढून दिला. एकेका घंटीतला कापूस, चार महिन्यांत धूळ आणि घाम पिऊन काळा झालेला, ओढून काढला. सगळ्यात शेवटी आबासाहेब. बोळा निघाला, आबासाहेबानं मान झटकली आणि ती काशाची घंटी घणघणली. सगळा कळप एकदम सैल झाला. मेंढ्या बसल्या. निकिता वाड्याच्या तोंडाशी उभी होती. आत आली, आबासाहेबाला टेकली, पुस्तक उघडलं आणि पान उलटायच्या आत झोपली. दुपारचे चार वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला उठली. मध्ये कासाबाईनं तीन वेळा तिच्या नाकापुढं आरसा धरून बघितला. उठल्यावर चार भाकरी खाल्ल्या, आणि गोल का वाकडी ते बघितलंही नाही. तिकडं बायनाबाईला बातमी कळताच तिनं अंगणात येऊन सुनेला अशी काही हाक मारली, की चार महिन्यांचं तुंबलेलं भांडण दोन दिवस पुरलं.

सगळं ठीक होत होतं. पण पेपरच्या दोन दिवस आधी निकिता पुस्तक मिटून म्हणाली, "बाबा, इथं सगळं येतंय. तिथं घंटी न्हाई ना."

मुंजाजी म्हणाला, "तिथंबी आसंल."

"येड लागलंय का? परीक्षा हाय ती."

"लांडगा खरा आसू का खोटा," मुंजाजी म्हणाला, "त्याला उपाय एकच."

पेपरच्या दिवशी पहाटेच मुंजाजी कळप घेऊन मानवतला निघाला. नुसत्या आबासाहेबाला नेता आलं असतं, पण आबासाहेब मागं कुणी नसेल तर पुढं चालत नाही, या बाबतीतही तो माजी सरपंचावरच गेला होता. म्हणून बेचाळीसच्या बेचाळीस. दुसऱ्यांच्या लेकरांना त्रास नको म्हणून एक्केचाळीस घंट्यांत मुंजाजीनं नवा कापूस कोंबला होता. फक्त आबासाहेबाची घंटी मोकळी. निकिता आईबरोबर एस.टी.नं आली.

परीक्षा केंद्रावर कडक बंदोबस्त. कॉपीमुक्त अभियान होतं. शंभर मीटरवर फक्कीची पांढरी रेघ मारली होती आणि रेघेवर बबिता नावाची हवालदार हातात काठी घेऊन उभी.

"मामा, शेळ्या घेऊन कुठं?"

"कुठं न्हाई. रेघंच्या अलीकडं."

बबितानं खाली बघितलं. बेचाळीस जनावरं रेघेच्या अलीकडं, एकाचंही खूर पलीकडं नाही. मुंजाजी नियमाला पक्का. तिला अडवायला कारण सापडेना. अकराला पेपर सुरू झाला. शाळेची इमारत लांबट, एकमजली, पुढं उघडा व्हरांडा, फाटकातून सगळ्या खिडक्या दिसायच्या. तिसरी खिडकी निकिताची. आबासाहेब बाभळीच्या शेंगा खात मान हलवत होता आणि घंटी वाजत होती. मुंजाजीला तिच्या वेणीचा शेंडा दिसत होता. वेणी खाली वाकलेली होती, म्हणजे पोरगी लिहीत होती. त्यानं कासाबाईला खूण केली आणि पहिल्यांदा पाणी प्यायला.

साडेअकराला भरारी पथकाची जीप आली. पथकप्रमुख किशनराव. हा माणूस कॉपी पकडण्यात सगळ्या जिल्ह्यात नावाजलेला. भाकरीत, वेणीत, प्लास्टरच्या पायात, कुठं म्हणून त्यानं चिठ्ठ्या शोधल्या नव्हत्या? जीपमधून उतरतानाच त्याचे कान उभे राहिले.

"ही घंटी अशी का वाजते?"

"बोकड हाय साहेब," बबिता म्हणाली.

"तीनदा वाजली. थांबली. एकदा वाजली. थांबली." किशनरावाचे डोळे बारीक झाले. "दहा प्रश्न पर्यायी असतात. एकदा म्हणजे अ, दोनदा म्हणजे ब. लिहून घ्या!"

कारकून जीपच्या टपावर कागद ठेवून लिहायला लागला. पाव तास आबासाहेबानं मान हलवली आणि कारकुनानं उत्तरं उतरवली. मग प्रश्नपत्रिका मागवून ताडून बघितली. दहापैकी सहा बरोबर.

किशनराव हादरला. बबिता म्हणाली, "साहेब, मला बारावीला चारच आली होती."

"मोठं रॅकेट आहे," किशनराव म्हणाला. "पंचनामा करा. नाव?"

"मुंजाजी."

"तुझं नाही. म्होरक्याचं."

"आबासाहेब."

कारकुनानं लिहिलं: आबासाहेब, वय चार, रंग राखी, दाढी आहे, धंदा चरणे. आबासाहेबाच्या गळ्यातली घंटी सोडली आणि त्याला जीपच्या बंपरला बांधलं.

घंटी थांबली. एक्केचाळीस जनावरांनी एकदम माना वर केल्या आणि एकमेकांना चिकटली. मुंजाजीनं तिसऱ्या खिडकीकडं बघितलं. वेणी सरळ झाली होती.

"साहेब!" मुंजाजी ओरडला. "मला धरा! जेलात टाका! पन घंटी वाजती ठिवा! पोरीच्या मागं लांडगा हाय!"

"लांडगा? मानवतात?"

"किडनीवर! टोपी घालून बसलाय!"

किशनरावानं बबिताकडं बघितलं. बबिता खिडकीकडं बघत होती. ती म्हणाली, "मामा खरं बोलायलेत साहेब. भरतीच्या परीक्षेला माझे मूठमूठ केस गेले होते. घरच्यांनी तेल बदललं." किशनरावानं तिला गप्प बसायला सांगितलं. पण घाईघाईत त्याच्याकडून एक चूक झाली, आणि ती जगातल्या कुठल्याही मेंढपाळानं केली नसती. त्याला वर्ग तपासायचे होते, त्यासाठी दोन्ही हात मोकळे पाहिजेत, आणि मुद्देमाल तर क्षणभरही नजरेआड करायचा नाही, असा नियम. म्हणून त्यानं घंटीचा पट्टा स्वतःच्या गळ्यात घातला आणि फाटकातून आत निघाला.

पहिल्या पावलाला घंटी वाजली. कळपाच्या माना तिकडं वळल्या. घंटी पुढं चालली म्हणजे म्होरक्या पुढं चालला. तो चार पायांवर आहे का दोन, सफारी घातलीय का दाढी आहे, हे कळप बघत नाही. एक्केचाळीस जनावरं फक्कीची रेघ ओलांडून किशनरावाच्या मागं फाटकात शिरली. मुंजाजी रेघेवर येऊन थांबला. नियम म्हणजे नियम. तिथूनच तो "हुर्र, हुर्र" करत राहिला आणि कुणी वळलं नाही.

किशनराव व्हरांड्यात चढला आणि मागं वळला. त्यानं बघितलं ते बघून तो जागीच थांबला. घंटी थांबली, आणि एक्केचाळीस जनावरं एकदम, जीव तोडून, बें बें ओरडायला लागली. सगळ्या वर्गांतून पोरांच्या माना वर झाल्या. केंद्रप्रमुख धावत आले.

"साहेब, चाला! थांबू नका! तुम्ही चाललात की गप्प बसतात!"

"मी बाहेर नेतो यांना!"

"बाहेर नेऊन थांबलात की परत ओरडणार. दोन तास राहिलेत साहेब, पोरांच्या वर्षाचा प्रश्न आहे. व्हरांड्यातनं फेऱ्या मारा!"

आणि भरारी पथकाचा प्रमुख व्हरांड्यातून चालायला लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत त्या टोकापासून या टोकापर्यंत, गळ्यात काशाची घंटी, मागं एक्केचाळीस शेळ्या-मेंढ्या, एका ओळीत, शिस्तीत. पहिल्या चार फेऱ्यांना तो लाल झाला होता. दहाव्या फेरीला त्याची चाल संथ झाली. विसाव्या फेरीला तो मान हलवायला लागला. पर्यवेक्षक दारात खुर्च्या टाकून बसले आणि एक जण तर चक्क घोरला. मुंजाजीला रेघेवरून तिसरी खिडकी दिसत होती. वेणी परत वाकली होती. दोन तासांत ती फक्त दोनदा वर झाली, आणि दोन्ही वेळा हात वर करून काहीतरी मागायला.

"काय मागायलीय?" मुंजाजीनं विचारलं.

"पुरवणी," बबिता म्हणाली. "कागद संपला तिचा."

दोनला पेपर सुटला. किशनराव आपल्या मागच्या लवाजम्यासकट फाटकाबाहेर येऊन बाभळीखाली बसला. घामानं भिजला होता, पण कपाळावरची आठी गेली होती. सगळ्या उत्तरपत्रिका वरवर चाळल्या तर कुणाचीच उत्तरं आबासाहेबाशी जुळत नव्हती. कुणाची जास्त बरोबर, कुणाची कमी. त्यानं अहवालात लिहिलं, 'केंद्रावर शांतता होती'. आबासाहेबाला सोडून दिलं. गळ्यातली घंटी काढायला मात्र त्यानं बराच वेळ लावला.

"घंटी द्या साहेब," मुंजाजी म्हणाला.

"पंचनाम्यात आली ना ती." किशनरावाचा आवाज मऊ झाला होता. "सील करून पाठवावी लागेल. निकालानंतर मिळेल. माझ्या हातात असतं तर दिली असती, खरंच."

मुंजाजीनं बोटांवर मोजलं. दोन दिवसांनी केमिस्ट्री, मग बायोलॉजी, आणि घंटी निकालानंतर. आबासाहेब बिनघंटीचा उभा होता. कळप त्याच्याकडं बघत होता आणि तो कळपाकडं, पण पाऊल कुणीच उचलेना. मुंजाजीनं हाकललं, कासाबाईनं हाकललं, बबितानं काठी आपटली. तसूभर कुणी हललं नाही.

तेवढ्यात निकिता आली. बोटं शाईनं भरलेली, ओढणी कमरेला बांधलेली. ती सरळ आईपाशी गेली आणि कानात काहीतरी बोलली. कासाबाईनं तोंडावर हात ठेवला, मग भर रस्त्यात लेकीला मिठी मारली आणि रडायलाच लागली.

"काय झालं?" मुंजाजी घाबरला. "पेपर गेला का?"

कासाबाईनं नाही म्हणून मान हलवली, लाजली, आणि इकडंतिकडं बघत म्हणाली, "अवो, ते... पोरीचं... आलं."

मुंजाजीला कळलं. बाजूला बबिता होती, पथकप्रमुख होता, रस्त्यानं पोरं जात होती, आणि बघायला कॅलेंडर कुठं नव्हतं. त्यानं लेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाळी आली? म्हंजी दुकानं उघडली! लांडगा गेला!"

"बाबा, हळू!" निकिता म्हणाली. पण हसली. कारण होतं म्हणून हसली, आणि हसून झाल्यावर थांबली.

"पर घंटी गेली गं निके," मुंजाजी म्हणाला. "केमिस्ट्रीला काय करायचं?"

निकितानं उभ्या कळपाकडं बघितलं. मग ती आबासाहेबाजवळ गेली, त्याच्या उघड्या मानेवरून हात फिरवला, दप्तर पाठीला लावलं आणि गावाच्या रस्त्यानं चालायला लागली. तिनं मागं वळून बघितलं नाही. आबासाहेबानं दोन पावलं टाकली. मग एक मेंढी निघाली, मग तिच्या मागची, मग सगळी.

मुंजाजी सगळ्यात मागं राहिला. पटक्यानं डोळे पुसत चालत होता. पुढं नऊ किलोमीटरचा रस्ता, त्यावर त्याची लेक, आणि नुसता खुरांचा आवाज. तो तसाच ऐकत घरापर्यंत गेला.